तांबं त्यांचं, घड्याळ दुसऱ्याचं: झांबियाची केस

आफ्रिकेतल्या झांबियाचं स्वातंत्र्य काही तासांवर आलं होतं. ऑक्टोबर १९६४, लुसाकात गव्हर्नरच्या बागेत चहापार्टी चालू होती आणि तिथल्याच एका तंबूच्या मागे नव्या देशाचे अर्थमंत्री आर्थर विना ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या साहेबांशी उभ्याउभ्या सौदा ठरवत होते. कंपनीचं म्हणणं असं की या देशातल्या जमिनीखालच्या खनिजाचे हक्क आमचे, गेली चाळीस वर्षं निघालेल्या प्रत्येक टन तांब्यामागे आम्ही रॉयल्टी घेतोय, तुम्हाला हे हक्क हवे असतील तर घसघशीत भरपाई द्या. विनांनी सांगितलं, पैसे घ्यायचे तर आत्ता घ्या, रात्री बारानंतर आम्ही आमची घटना बदलून हक्क तसेच काढून घेऊ. शेवटी ४० लाख पौंडांवर मिटलं, त्यातले निम्मे ब्रिटिश सरकारने द्यायचे ठरले. म्हणजे झांबियाने २० लाख पौंडात स्वतःच्याच जमिनीखालचं तांबं विकत घेतलं.

मला हा प्रसंग आवडतो कारण झांबियाच्या सगळ्या इतिहासात बहुतेक हा एकच मोठा सौदा असेल की ज्यात घाई समोरच्याला होती.

आता मी काही इकॉनॉमिस्ट वगैरे नाही. भोसरीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवतो, बसबारला तांब्याची पट्टी लागते, त्यामुळे सकाळी चहाआधी एलएमईचा, म्हणजे लंडनच्या धातूबाजाराचा, भाव बघायची सवय लागलीय. आमच्या लाइनीत सप्लायर कोटेशनखाली लिहूनच देतो की भाव फक्त आजच्यापुरता. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली ती म्हणजे ज्याला माल आज संध्याकाळपर्यंत हवाय त्याने भाव करायला बसूच नये, आणि ज्याला आज संध्याकाळपर्यंत पैसे हवेत त्याने तर नाहीच नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी. झांबियाचं मी जेवढं वाचत गेलो तेवढं मला हेच दिसत गेलं, तांबं तेच, खाणी त्याच, फक्त दर वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी अडलेला असतो आणि जवळपास दर वेळी तो झांबियाच असतो.

हक्क आले कुठून

१८९० मध्ये लोझी लोकांचा राजा लेवानिका याने फ्रँक लॉकनर नावाच्या माणसासमोर कागदावर सही केली. त्याला वाटलं आपण इंग्लंडच्या राणीच्या छत्राखाली जातोय, शेजारच्या टोळ्यांचा त्रास होता, संरक्षण हवं होतं, म्हणजे घाई त्यालाच होती. सही प्रत्यक्षात झाली सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीबरोबर, म्हणजे याच ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीबरोबर. कळल्यावर त्याने बरीच आदळआपट केली पण कागद तो कागद. पुढे याच सहीच्या जोरावर कंपनीने जिथे तांबं सापडलं त्या कॉपरबेल्टवरही हक्क सांगितला, आणि तो भाग लेवानिकाच्या राज्यात होता का यावरच १९६४ पर्यंत वाद चालू होता! आपल्याकडे इनामाच्या सनदांवरून पिढ्यानपिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, त्यातलाच प्रकार, फक्त इथे डावावर अख्खा देश.

१९२४ ला कंपनीने राज्यकारभार ब्रिटिश सरकारकडे सोपवला पण खनिजाचे हक्क स्वतःकडे ठेवले. कारभारात खर्च असतो, रॉयल्टीत नसतो, हिशेब अगदी सरळ होता. मग १९२० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या खाणी सुरू झाल्या, लुआन्श्या, किटवे, मुफुलिरा, चिंगोला ही गावं खाणीभोवतीच उभी राहिली. गोऱ्या कामगाराला काळ्याच्या कित्येक पट पगार आणि कुशल कामं फक्त गोऱ्यांना. १९३५ आणि १९४० ला आफ्रिकन कामगारांनी संप केले, दोन्ही वेळा गोळीबार झाला, माणसं मेली. १९५३ ते १९६३ मध्ये ब्रिटिशांनी या भागाला दक्षिणेकडच्या ऱ्होडेशियाशी (आजचं झिंबाब्वे) फेडरेशनमध्ये बांधलं, तांबं उत्तरेचं आणि खर्च बराचसा दक्षिणेत गोऱ्यांच्या वस्तीत, सॉल्सबरीत (आजचं हरारे). स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात काळे ग्रॅज्युएट शंभराच्या आसपास होते. जगातल्या मोठ्या तांबं उत्पादक देशांपैकी एक आणि त्याला स्वतःचे इंजिनियर नाहीत, अकाउंटंट नाहीत, वकील जवळपास नाहीत. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे डोक्यात ठेवा, कारण करार वाचणारा माणूस आपल्या बाजूला नसेल तर खाली तांबं किती आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

काउंडांची वर्षं

केनेथ काउंडा हा माणूस शाळामास्तर, गांधींना मानणारा, हातात कायम पांढरा रुमाल. चलनाचं नाव ठेवलं क्वाचा, म्हणजे पहाट झाली. झेंड्यावर नारिंगी पट्टा घेतला तो खनिजसंपत्तीसाठी. सुरुवात खरोखर चांगली झाली, शाळा, दवाखाने, लुसाकात विद्यापीठ.

पण भूगोल बघा. समुद्र नाही. तांबं बाहेर न्यायचं तर रेल्वे दक्षिणेतून, ऱ्होडेशियातून. १९६५ ला तिथल्या गोऱ्यांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि काउंडांनी त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली, ती नैतिकदृष्ट्या बरोबर होती आणि पैशाच्या दृष्टीने प्रचंड महाग पडली. पेट्रोलची पिंपं विमानाने आणायची वेळ आली. पाश्चात्त्य देशांनी आणि वर्ल्ड बँकेने पूर्वेकडच्या रेल्वेला पैसे द्यायला नकार दिला तेव्हा चीनने बिनव्याजी कर्ज देऊन दार-एस-सलाम ते कपिरी म्पोशी अशी १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे बांधून दिली, ती १९७६ ला पूर्ण ताब्यात आली. १९७३ ला दक्षिणेची सीमा बंद, १९७५ ला अंगोलात युद्ध पेटल्यावर पश्चिमेची बेंगुएला रेल्वेही बंद. एखाद्याचा कारखाना जोरात चाललाय आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना रस्ता खणून ठेवलाय अशी अवस्था.

१९६९ ला काउंडांनी खाणींचा ५१ टक्के हिस्सा सरकारने घ्यायचं जाहीर केलं. घेतला तो भाव चढे असताना, पैसे देऊन, आणि १९७४ च्या शेवटापर्यंत तांब्याचा भाव निम्म्याखाली आला. त्याच्या आदल्या वर्षी तेल चौपट महाग झालेलं. सरकारला वाटलं ही तात्पुरती मंदी आहे, भाव येतील परत, तोवर कर्ज काढून चालवू. मी कोणाला हसत नाही, २००८ ला मीही असाच महागाचा माल भरून बसलो होतो, पण माझं नुकसान एका गाळ्यापुरतं होतं. भाव नीट परत यायला तीस वर्षं लागली.

या काळात खाणींची सरकारी कंपनी झाली झेडसीसीएम. जुनी माणसं अजून तिचं नाव काढलं की हळवी होतात म्हणे, आणि का नाही होणार, घर कंपनीचं, बल्ब बदलायला कंपनीचा माणूस, हॉस्पिटल कंपनीचं, फुटबॉल क्लब कंपनीचा, बाळाचे लंगोटसुद्धा कंपनीकडून. पाळण्यापासून सरणापर्यंत. आपल्याकडे साखर कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्यांना हे लगेच कळेल. कळेल तशी पुढची गोष्टही कळेल, की नफा मशिनरीत परत गेला नाही, भरती राजकारणावर झाली, आणि १९७२-७३ पासून देशात एकच पक्ष असल्यामुळे विचारणार कोण. १९६९ च्या सुमारास वर्षाला सात लाख टनांच्या वर असलेलं उत्पादन २००० पर्यंत अडीच लाखांवर आलं. १९८६ ला आयएमएफच्या अटींमुळे मक्याच्या पिठाची सबसिडी काढली तर कॉपरबेल्टमध्ये दंगली झाल्या आणि माणसं मेली. तिकडे पीठ म्हणजे न्शिमा, न्शिमा नाही म्हणजे जेवणच नाही, आपल्याकडे भाकरीला हात लावल्यासारखंच ते.

विक्री

इथे केसचा गाभा आहे म्हणून जरा सावकाश जातो.

१९९१ ला काउंडा निवडणूक हरले आणि शांतपणे घरी गेले (हे आफ्रिकेत त्या काळी फार दुर्मिळ, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं). फ्रेडरिक चिलुबा आले, ते स्वतः कामगार नेते. कर्जमाफी हवी असेल तर खाणी विका हे देणाऱ्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. दिवसाला दहा लाख डॉलर तोटा होतोय असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. गिऱ्हाइकांनाही ते माहीत होतं, हीच तर अडचण. सगळ्यात मोठ्या खाणींसाठी काफ्वे कन्सोर्टियम म्हणून परदेशी कंपन्यांचा गट आला, त्यांची बोली सरकारने कमी वाटली म्हणून १९९८ ला नाकारली, मग तांबं आणखी पडलं आणि २००० साली त्याहून बऱ्याच कमी पैशात चिंगोला-कोंकोलाच्या खाणी अँग्लो अमेरिकन या बड्या खाण कंपनीकडे गेल्या. कोंकोला कॉपर माइन्स, केसीएम. (कोंकोला हे नाव वाचून मला पहिल्यांदा कोकणातलंच गाव वाटलेलं.)

दोन वर्षांत अँग्लोने हात वर केले, भाव परवडत नाहीत, आम्ही चाललो. आता कोंकोलाची एक खासियत सांगतो, ही जगातल्या सगळ्यात पाणथळ खाणींपैकी एक आहे, रोज साधारण तीन लाख घनमीटर पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं तेव्हा खाण खाण राहते. मालक असो नसो, भाव असो नसो, पंप चालूच पाहिजेत. पंपाला वीज पाहिजे, विजेला पैसे पाहिजेत. म्हणजे कुलूप लावून चांगल्या भावाची वाट बघत बसता येत नाही, चार दिवस थांबलात की खाली तळं. असा माल विकायला निघालेला माणूस किती घासाघीस करणार?

नोव्हेंबर २००४ मध्ये अनिल अग्रवाल यांच्या वेदांताने ५१ टक्के हिस्सा घेतला, हातात रोख अडीच कोटी डॉलर आणि साधारण तेवढेच पुढे हप्त्याने. टायमिंग बघा, तांबं काही वर्षं टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास लोळत होतं, २००४ ला वर सरकायला लागलेलं, आणि मे २००६ ला ८००० च्या वर. चीनने मागणी काढली आणि सगळा बाजार फिरला. विकणारा तीस वर्षं थांबला आणि नेमका शेवटच्या दीड वर्षात थकला.

भावापेक्षा वाईट होती कागदावरची कलमं. त्या काळात खाण कंपन्यांबरोबर डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट झाली त्यात रॉयल्टी ०.६ टक्के! शंभर रुपयांच्या तांब्यामागे साठ पैसे. आणि पंधरा-वीस वर्षं कर बदलायचे नाहीत अशी स्थिरतेची हमी, तीही देशाच्या कायद्याच्या वर.

२०१४ ला अग्रवाल बंगळुरूत एका कार्यक्रमात बोलले, त्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि झांबियात भडका उडाला. त्यांनी हसतखेळत सांगितलं होतं की अडीच कोटी डॉलरला घेतलेली ही खाण दर वर्षी किमान पन्नास कोटी देतेय. समोरच्या टाळ्या ऐकून मला आपलीच लाज वाटली, कारण अशा किश्शाला मीही टाळी वाजवतो, चाकणला कोणाचं मशीन लिलावात मातीमोल मिळालं की आम्ही आठवडाभर तेच सांगत फिरतो. झांबियाच्या करखात्याला मात्र कंपनी तोट्याचेच आकडे दाखवत होती, त्यामुळे प्रश्न आला की मग खरं कुठलं. कंपनीची बाजू अशी की आम्ही नवीन स्मेल्टर (तांबं वितळवायची भट्टी) बांधला, कोंकोलाची खोल खाण नेली, मिळून अब्जावधी डॉलर घातले, आणि हे बांधकाम तिथे उभं आहे हे कोणी नाकारत नाही. हाच ग्रुप गोव्यात २००७ पासून सेसा गोवाचा मालक, त्यामुळे डिचोली-सांगेकडच्या लोकांना खाणवाल्यांची भाषा आणि लाल चिखल दोन्ही वेगळं समजावून सांगायला नको.

निळी नदी

नोव्हेंबर २००६, चिंगोलाजवळ खाणीच्या गाळाची पाइपलाइन फुटली आणि आम्लाचं, तांब्याचं पाणी मुशिशिमा ओढ्यातून काफ्वे नदीत गेलं. नदी निळी झाली. मोरचूद माहितीय ना, द्राक्षबागेत बोर्डोला वापरतात ते, तसला रंग. तिथल्या गावात लोक त्याच पाण्याने शेत भिजवायचे, तेच प्यायचे, त्यातच मासे धरायचे. झांबियाच्या हायकोर्टाने २०११ ला कंपनीला दोषी धरलं, वरच्या कोर्टात भरपाईची रक्कम बरीचशी उडाली.

मग १८२६ गावकऱ्यांनी थेट लंडनमध्ये मूळ कंपनीवर दावा केला. कंपनी म्हणाली प्रकरण झांबियाचं, तिथेच चालवा. एप्रिल २०१९ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही, इथे चालू शकतं, कारण अशा गरीब लोकांना तिकडे वकील आणि खर्च परवडून खरा न्याय मिळेल असं दिसत नाही. हा निकाल आता जगभर शिकवला जातो. २०२१ ला दोष मान्य न करता कंपनीने तडजोड केली. फुटण्यापासून तडजोडीपर्यंत चौदा वर्षं, त्यात एक पिढी दहावीपर्यंत पोचते.

बरं, पुन्हा अगदी तसंच झालं. १८ फेब्रुवारी २०२५ ला चांबिशीला एका चिनी कंपनीचा गाळाचा बांध फुटला, तीच काफ्वे, किटवेसारख्या मोठ्या शहराचं पाणी तोडावं लागलं, आणि आम्ल मारायला हवाई दलाच्या विमानांनी नदीत चुना टाकला. मालक भारतीय असो, स्विस असो, चिनी असो, नदी तीच.

पैसा वरच्या वर

मुफुलिराची मोपानी खाण ग्लेनकोर या स्विस कंपनीकडे होती. झांबियाच्या निर्यातीच्या कागदावर बरीच वर्षं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण तर स्वित्झर्लंड, जिथे एवढं तांबं कधी पोचतच नाही, ते जातं चीनकडे वगैरे, स्वित्झर्लंडमधून फक्त बिल फिरतं. आपल्याच ग्रुपच्या कंपनीला स्वस्तात विकायचं आणि नफा जिथे कर कमी तिथे दाखवायचा, हे आमच्या सीएने मला दोन मिनिटांत समजावलं, झांबियाच्या करखात्याला कोर्टात सिद्ध करायला मात्र २०२० उजाडलं. तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाने मोपानीच्या विरोधात निकाल दिला, रक्कम साधारण १ कोटी ३० लाख डॉलर. कमी वाटेल, पण एवढ्या मोठ्या कंपनीविरुद्ध असा खटला एक आफ्रिकन करखातं जिंकतं ही लहान गोष्ट नाही. १९६४ चे ते शंभर ग्रॅज्युएट आठवा.

कर वाढवायचे प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. २००८ ला सरकारने जुने करार मोडून वाढीव नफ्यावर कर लावला, त्याच वर्षी जागतिक मंदी आली, तांबं कोसळलं, कंपन्यांनी कामगार काढायला सुरुवात केली आणि २००९ ला कर मागे घेतला. २०११ च्या फेब्रुवारीत तांबं १०,००० डॉलरवर. परत तेच! २०१५ ला उघड्या खाणींवर रॉयल्टी एकदम २० टक्के केली, बॅरिक या कॅनडाच्या कंपनीने आपली लुमवाना खाण बंद करू म्हणून सांगितलं, काही महिन्यांत तेही मागे.

आणि एक प्रकरण, ज्याचं नाव घेतलं तरी डोकं फिरतं. १९७९ ला झांबियाने रुमानियाकडून उधारीवर ट्रॅक्टर घेतले होते. फिटले नाहीत. १९९९ ला रुमानिया साधारण ३३ लाख डॉलरवर हिशेब मिटवायला तयार होता, तेवढ्यात डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या फंडाने तेच कर्ज तेवढ्याच पैशात मधल्यामध्ये विकत घेतलं आणि नंतर लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटी डॉलर मागितले. नेमकी तेव्हा २००५ ला देशाची कर्जमाफी झालेली, सातशे कोटी डॉलरचं परदेशी कर्ज शंभर कोटींच्याही खाली आलेलं, म्हणजे खिशात पहिल्यांदा चार पैसे दिसले आणि हे दारात. २००७ ला जज्जसाहेबांनी फंडावर ताशेरे मारले पण दीड कोटी डॉलरच्या वर देणं मात्र लागलंच.

इथे कोणीतरी म्हणणारच की हे सगळं खरं असेल पण यांचे नेतेही चोर आहेत त्याचं काय. आहेत की. चिलुबांवर लंडनच्या कोर्टात २००७ ला सरकारी पैसा खाल्ल्याचा दिवाणी निकाल गेला, एका स्विस दुकानात पाच लाख डॉलरहून जास्तीचे कपडे घेतल्याचं त्यात निघालं (झांबियाच्या फौजदारी कोर्टात ते २००९ ला सुटले). नंतरच्या सरकारांनी २०१२ ते २०१५ मध्ये तीनदा बाजारात बाँड विकून ३०० कोटी डॉलर उचलले आणि शिवाय चीनकडून रस्ते, विमानतळ. काही रस्ते चांगले झाले, काही अवाच्या सवा भावात झाले. हा दोष त्यांचाच. पण मला एवढंच म्हणायचंय की चोर नसलेला मंत्रीही त्या टेबलावर अडूनच बसला असता, पंप त्याच्याही मागे घरघरतच राहिले असते. चोरीने बिल वाढतं, वाईट सौदा तिच्याशिवायही होतो.

नोव्हेंबर २०२० ला ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि कोविडकाळात दिवाळखोरीत गेलेला झांबिया हा पहिला आफ्रिकन देश ठरला. मग चीन म्हणतो आधी बाँडवाल्यांनी सोडावं, बाँडवाले म्हणतात आधी चीनने. ६३० कोटी डॉलरच्या सरकारी कर्जाची नवी घडी बसायला जून २०२३ लागला, बाँडवाले २०२४ ला. साडेतीन वर्षं देश वेटिंग रूममध्ये बसून.

आणि आता

२०२१ च्या ऑगस्टमध्ये हाकाइंडे हिचिलेमा, लोक एचएच म्हणतात, सहाव्या प्रयत्नात निवडून आले. धंद्यातला माणूस, आधीच्या सरकारने देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात टाकलेला. दिवाळखोर देशात पहिल्याच वर्षी बारावीपर्यंतची सरकारी शाळा फुकट केली, एका वर्षात तीस हजार शिक्षक भरले, मतदारसंघाचा विकासनिधी १६ लाख क्वाचांवरून अडीच कोटींच्या वर नेला. वर्गात पोरं मावेनात, बाकं नाहीत, पण पोरं आली. तांब्यातून काय मिळालं याचं उत्तर एखाद्या आईला देता येईल अशी ही पहिलीच गोष्ट असावी. तरी २०२२ च्या पाहणीत साठ टक्के लोक गरिबीरेषेखालीच निघाले, आणि २०२४ ला भयानक दुष्काळ पडला, मका गेला, करिबा धरण आटलं, लुसाकात दिवसातले काही तासच वीज. करिबा १९५० च्या दशकात बांधलं तेव्हा सत्तावन्न हजार टोंगा लोकांना उठवलं होतं, वीज मुख्यतः खाणींसाठी. आपल्या कोयनेच्या धरणग्रस्तांना हे वाचून नवीन काही वाटणार नाही.

कॉपरबेल्टमधल्या बेकार पोरांचा स्वतःचा मार्ग आहे. किटवेत ब्लॅक माउंटन म्हणून खाणीच्या मळीचा काळा डोंगर आहे, जुन्या भट्ट्यांचा कचरा, त्यात अजून तांबं आहे. तो खणून विकणाऱ्यांना जेराबो म्हणतात. २०१८ ला डोंगर सरकून दहा जण गेले. पुन्हा खणायला लागले. कंपनीने कचरा म्हणून टाकलेल्यातून तांबं काढतायत, म्हणजे बघा माल किती गेला असेल.

२०१९ ला आधीच्या सरकारने केसीएम वेदांताकडून काढून घेऊन लिक्विडेटर (कंपनी मोडीत काढणारा अधिकारी) बसवला, नवा मालक मिळेना, वाद वाढत गेला, आणि पंप तर चालू ठेवायचेच होते. २०२४ ला खाण परत वेदांताकडे गेली, देणेकऱ्यांचे पैसे आणि पाच वर्षांत शंभर कोटी डॉलर घालायच्या वचनावर. चिंगोलात लोक खूश होते की नाराज असं एका शब्दात सांगता येत नाही, पगार सुरू होणार म्हणून बरं वाटलं आणि नाव तेच म्हणून पोटात गोळा.

वेगळं काय आहे तर बाहेरचा बाजार. एका इलेक्ट्रिक गाडीला ऐंशी किलोच्या आसपास तांबं लागतं, आणि या वेळी गिऱ्हाइकं घाईत आहेत. अमेरिका आणि युरोप अंगोलातून लोबितो बंदराची जुनी रेल्वे सुधारतायत, चीन ताझारा पुन्हा उभी करतोय, दोघांनाही तेच तांबं आपापल्या बाजूने न्यायचंय. चिलिलाबोंब्वेला बिल गेट्सच्या पैशावरची कोबोल्ड कंपनी मोठी नवी खाण काढायच्या तयारीत आहे. सरकारचं टार्गेट वर्षाला तीस लाख टन, २०२४ ला निघालं सव्वाआठ लाखांच्या आत, म्हणजे आकडा जरा हवेतच आहे. पण १९७५ ला दोन्ही तोंडं बंद असलेल्या गल्लीत आज दोन बाजूंनी लोक स्वखर्चाने रस्ता करून देतायत.

आणि रांगेत आपणही आहोत. २०२५ च्या सुरुवातीला झांबियाने भारत सरकारला ९००० चौरस किलोमीटरचा पट्टा तांबं-कोबाल्ट शोधायला दिला, आपल्या जिऑलॉजिकल सर्व्हेची माणसं तिथे जाणार असं तेव्हा ठरलं. काही सापडलं तर पुढचा कागद, रॉयल्टीचा टक्का, गाळाचा बांध कोणी कसा बांधायचा, हे ठरवायला टेबलाच्या पलीकडे झांबियाचा जो माणूस बसेल तो बहुतेक स्वतःच्या देशात शिकलेला वकील असेल. मला त्या मीटिंगमधला चहा द्यायचं काम मिळालं तरी मी जाईन, कारण आज सकाळी माझ्या सप्लायरने पट्टीचा भाव परत वाढवलाय आणि कोटेशनखाली लिहिलंय, फक्त दुपारपर्यंत.